विजापूर वेशीतल्या खिमावाल्या चाचांना

चाचा, सलाम.

तुम्ही मोबाइल फक्त फोन उचलायला वापरता, हे मला माहीत आहे. पण रात्री जेवणं झाली की सूनबाई त्यातलं काहीबाही वाचून दाखवते, असं तुम्हीच एकदा म्हणालात. तिच्या भरवशावर हे लिहायला घेतलं. चारचौघांत लिहितेय, कारण दुकानात आभार मानायला लागले की तुम्ही सुरी घासायला घेता आणि "हं, पुढं कोण?" म्हणता.

आमच्या बर्गरच्या गाडीवर रोज कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, सॉस कुठला वापरता?" सॉस म्हणजे दुकानातलं साधं मेयोनेज, त्यात आपली शेंगाचटणी कालवलेली. चटणी तेवढी उखळात कुटलेली, तेल सुटलेली पाहिजे. कोरडी भुकटी चालत नाही. एवढं खरं सांगितलं तरी लोकांना वाटतं, बाई लपवायलीय. म्हणून एकदाच सगळ्यांसमोर सांगते. आमचा बर्गर तव्यावर येण्याआधी तुमच्या ओंडक्यावर ठरलेला असतो. मी नंतर त्याला फार बिघडवत नाही, इतकंच माझं काम.

मी पहिल्यांदा खिमा मागितला तेव्हा तुम्ही भाव सांगायच्या आधी विचारलंत, "रश्शात जाणार का तव्यावर?" असं मला तोवर कुठल्या दुकानात कुणी विचारलं नव्हतं. रश्शातला खिमा कोरडा असला तरी निभतं. कांदा, खोबरं, वरची तर्री त्याला सांभाळून घेतात. तव्यावर तो एकटा असतो, जो काही ओलावा आणि चव आहे ती त्याच्यातच पाहिजे. तुम्ही बर्गर खाल्लेला नव्हता, तरी तो कशावर उभा असतो ते त्या एका प्रश्नात तुम्ही पकडलंत.

माझी अडचण अशी होती की मोबाइलवर सापडणाऱ्या बहुतेक कृती गोमांसाच्या. खांद्याचा भाग घ्या, ८० भाग मांस आणि २० भाग चरबी असू द्या, असं त्यात लिहिलेलं असतं. आपल्या राज्यात २०१५ पासून बैलाचंही मांस बंद आहे, आणि बंदी नसती तरी सोलापुरात गाडी लावायची तर मटणाचीच, हे आमचं ठरलेलं होतं. मटणाचा बर्गर ही काही आमची टूम नव्हे म्हणा. मॅकडोनाल्ड्स १९९६ साली दिल्लीच्या वसंत विहारमध्ये आलं, तेव्हा त्यांचा महाराजा मॅक मटणाचाच होता. चिकनचा नंतर झाला. पण बोकडाचं मांस त्या कृतींना जुमानत नाही. गोमांसात चरबीच्या बारीक रेघा मांसाच्या आतूनच गेलेल्या असतात. बोकडाचं मांस सडसडीत, आणि चरबी वेगळी बसलेली, गुर्द्याभोवती आणि पोटातल्या पडद्यावर. नुसत्या रानेचा, म्हणजे मांडीचा, सुबक, लालबुंद खिमा काढला तर तो दिसायला छान आणि खायला भुसा.

तुम्ही खांद्याचं आणि सीन्याचं, म्हणजे छातीचं, मांस घेतलंत, गुर्द्याची पांढरी चरबी बारीक चिरून त्यात टाकलीत, सगळं डोळ्यांच्या अंदाजानं. पुढच्या वेळी मी मुद्दाम दोन्ही वेगवेगळं तोलायला लावलं. ८०० ग्रॅम मांस, २०० ग्रॅम चरबी. अमेरिकेतल्या कृतीतला आकडा तुमच्या हातात आधीच होता! आणि त्या चरबीला मटणाचा भाव तुम्ही आजवर लावलेला नाहीत. हे मी इथे लिहिलं म्हणून चिडू नका. बाकीची गिऱ्हाइकं आता चरबी फुकट मागायला येतील, त्यांना माझं नाव सांगा आणि हाकला.

चरबी कडक असते, लवकर गोठते, हेही तुम्हीच बजावलंत: "गरम खायला घाला, नाहीतर ओठाला चिकटेल." गार झालेल्या रश्शावर जो पांढरा थर येतो, तोच प्रकार. म्हणून डिसेंबर-जानेवारीत आम्ही पार्सल देत नाही. लोक रागावतात. रागावू देत.

आता उन्हाळ्याचं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ला टेकतो, आणि त्या दिवसांत खिमा काढणं म्हणजे वेळेशी शर्यत. मांस कोमट झालं की चरबी मऊ पडते, मशीनमध्ये चिरली जाण्याऐवजी चिंबते आणि मांसाला फासली जाते. गुलाबी लगदा बाहेर येतो. तो तव्यावर टाकला की चरबी लगेच वितळून वाहून जाते आणि मागे रबर राहतं. तुम्ही आमच्यासाठी मांसाचे तुकडे आदल्या रात्री फ्रीजमध्ये टाकता, कडा कडक होईपर्यंत गार करता, मशीनची जाळीसुद्धा गार ठेवता. पडदा आणि शिरा हातानं काढता, कारण त्या पात्याला गुंडाळल्या की पुढचं सगळं मांस कापलं न जाता चेंगरतं. मग मोठ्या भोकांच्या जाळीतून एकदाच. एकदाच! दुसऱ्यांदा फिरवलेला खिमा कबाबाला ठीक. बर्गरला दाणा सुटा लागतो, चावताना दाताला कळेल असा. हे सगळं तुम्ही पहाटे करता, दुकानात पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत, धुतलेल्या मशीनवर. मी कधीच तसं करा म्हटलेलं नाही.

आपल्याकडे प्रत्येक आई सांगते, खिमा डोळ्यांसमोर काढून घ्यावा. यात नुसता फसवणुकीचा संशय नाही. अख्ख्या तुकड्याला जंतू लागतात ते बाहेरून, आणि आच लागली की बाहेरचे मरतात. खिमा केला की बाहेरचं सगळं आत मिसळतं. म्हणून तुमचा हट्ट, सकाळचा खिमा त्याच दिवशी संपवायचा. आणि म्हणून माझा हट्ट, टिक्की आतून कच्ची ठेवायची नाही. अमेरिकेचं कृषी खातं खिम्याला आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस सांगतं. टिक्कीत सुई आडवी खुपसून तापमान बघणारी बाई बघून लोक हसतात, पण मी बघते. इतकी शिजवूनही ती कोरडी पडत नाही, ती त्या २०० ग्रॅममुळे.

बर्गरच्या धंद्याची सुरुवातच या विश्वासाच्या गोष्टीपासून झाली, हे तुम्हाला आवडेल. नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आलं, पण पदार्थ वाढला अमेरिकेत. तिथे शंभरेक वर्षांपूर्वी खिम्यावर कुणाचा भरवसा नव्हता, काय दळून घालतील सांगता यायचं नाही. १९२१ मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावात व्हाइट कॅसल नावाचं दुकान निघालं. पाच सेंटला एक छोटा बर्गर. त्यांनी दुकान पांढरंशुभ्र केलं आणि स्वयंपाक गिऱ्हाइकाच्या समोर मांडला. तुमच्या दुकानातल्या पांढऱ्या टाइल्स आणि रस्त्याकडे तोंड केलेलं मशीन बघितलं की मला त्यांची आठवण होते. त्यांचं मी फक्त वाचलंय, तुमचं रोज बघते.

सगळ्यात मोठं शिकले ते मात्र रमजानमध्ये. संध्याकाळी तुमच्या दुकानापुढे सीख कबाबाची शीग लागते. तुमचा धाकटा खिम्यात मीठ घालून तो मळत बसला होता, तळहाताला चिकटेपर्यंत. मी विचारलं, "इतकं का मळायचं?" तुम्ही म्हणालात, "शिगेवर धरून राहायचं तर मळावं लागतं, बेटा. तुझं पावात पडायचंय, तू हात लावू नको." त्या एका वाक्यात सगळी कृती आली. मीठ मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन विरघळवतं, मळल्यावर त्याचं जाळं बनतं आणि शिजल्यावर ते घट्ट, लवचीक होतं. सीख कबाबाची सगळी मजा त्या लवचीकपणात. बर्गरमध्ये तोच दोष. म्हणून आमच्या खिम्यात आत मीठ नाही, कांदा नाही, अंडं नाही, ब्रेडचा चुरा नाही. ९० ग्रॅमचा गोळा, लाडवासारखा न वळता नुसता गोळा केलेला, थेट फ्रीजमधून तव्यावर.

तवा बिडाचा, जाड. धूर यायला लागेपर्यंत तापवायचा, तेल जवळजवळ नाहीच. गोळा पडला की त्यावर बटर पेपर ठेवून सपाट उलथण्यानं एकदम दाबायचा, बनपेक्षा बोटभर मोठा होईपर्यंत, कारण तो आक्रसतो. हे दाबणं पहिल्या अर्ध्या मिनिटातच. तेव्हा चरबी अजून घट्ट असते, काही वाहून जात नाही. नंतर टिक्की दाबणारा माणूस दिसला की मला उलथणं हिसकावून घ्यावंसं वाटतं. तो जो चर्र आवाज येतो तो आपल्या पैशांचा असतो. मीठ आणि मिरपूड आत्ता, वरून, आणि हात आखडता न घेता.

मग थांबायचं. पाणी असेपर्यंत मांसाचा पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही. ते उडालं आणि आच १४० अंशांच्या आसपास गेली की तपकिरी खरपूस पापुद्रा धरतो. लुई कामी मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं या क्रियेबद्दल १९१२ मध्ये लिहिलं. सात रस्त्यापर्यंत जो वास जातो असं आमचं गिऱ्हाईक म्हणतं (अतिशयोक्ती आहे), तो हाच. दीडदोन मिनिटांनी उलथणं तव्याला घासत खालून सरकवायचं, पापुद्रा तव्यावर न सोडता. उलटवली की चीजची चकती. इथे भारी चीजचा सोस नको. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये जे क्षार असतात त्यांच्यामुळे ते तेल न सुटता एकसारखं वितळतं, आणि आपल्याला तेच हवं. वर वाटी झाकली की मिनिटभरात काम झालं. एका बर्गरमध्ये अशा दोन पातळ टिक्क्या. एकच जाड टिक्की करणारेही चांगली करतात. त्यांनी तिच्या मधोमध अंगठ्यानं खळगा करावा, नाहीतर ती कडेनं आक्रसून मध्ये फुगते. मला दोन पातळच आवडतात. खरपूस भाग दुप्पट मिळतो.

पावाबद्दल थोडक्यात, कारण बेकरीवाल्यांना वेगळं पत्र लिहायचंय. बन मऊ हवा, दाबला की दबणारा, किंचित गोड. कापलेली बाजू लोण्यावर लालसर भाजायची, म्हणजे रस शोषून त्याचा चिखल होत नाही. ज्वारीचा बन करा असा सल्ला देणारे दर आठवड्याला भेटतात. मंगळवेढ्याची ज्वारी मलाही प्रिय आहे, पण तिच्यात गव्हासारखं चिवट ग्लुटेन नाही, ती तशी फुगणार नाही. तिची कडक भाकरी करावी आणि बर्गरला सुखानं जगू द्यावं. वर सिरक्यात मुरवलेली काकडी आणि पातळ कच्चा कांदा, कारण इतक्या चरबीला आंबट काहीतरी लागतंच. लेट्यूस आपल्या उन्हात गाडीवर तासभरही टिकत नाही. बारीक चिरलेली कोबी बरी.

चाचा, एका गोष्टीत मात्र मी तुमचं ऐकणार नाही. तुम्ही दर वेळी म्हणता, "थोडं आलं-लसूण तरी घाल, मटण आहे." नाही घालणार. खिमा ताजा नसेल तर वास झाकायला आलं-लसूण लागतं. तुमच्या खिम्यात झाकण्यासारखं काही नसतं. शेंगाचटणीतला लसूण पुरे. यावर तुमचं आणि आमच्या ह्यांचं एकमत आहे, हे मला ठाऊक आहे. तुम्ही दोघं मिळून काय बोलता तेही कळतं.

तुम्ही अजून गाडीवर आलेला नाहीत. "इतक्या लांब जुळे सोलापूरला पाव खायला कोण येतंय," म्हणता. या शुक्रवारी इशाची नमाज झाली की सूनबाईंना, धाकट्याला घेऊन या. खुर्च्या मांडून ठेवते, तुमच्यासमोर तवा तापवते. पैसे द्यायचा प्रयत्न केलात तर पुढचा खिमा दुसरीकडून आणेन. आणि शनिवारसाठी नेहमीपेक्षा दोन किलो जास्त लागेल, कॉलेजच्या पोरांची ऑर्डर आहे. सीना जरा जास्त घाला.

तुमची,
जुळे सोलापूरची बर्गरवाली