पक्या, फॅनचं हेडर गेलं

पक्या,

सहा महिने गप्प होतो, काय शिव्या घालायच्यात त्या घालून घे. तब्येत ठीक, पाठ तेवढी धरलीय. लिहितोय कारण काल मदरबोर्डचं एक फॅन हेडर (पंख्याची वायर लागते त्या पिना) मी मारलं आणि घरात सांगितलं तर "मग नवीन पंखा घे" एवढंच ऐकायला मिळणार.

आधी कॅबिनेटमध्ये एकच पांढरा एलईडी होता, त्याच हेडरच्या १२ व्होल्टवर, ४७० ओहमचा रेझिस्टर घालून (हो, घातला होता, कॉलेजातलं ते "एक सेकंदच लावतो" प्रकरण आता काढू नकोस, तो एलईडी तुझा होता हे मला अजून मान्य नाही). मशीन निवांत असलं की तो मंद व्हायचा, मला वाटलं सोल्डर कच्चं, दोनदा उकरून परत केलं. नंतर ट्यूब पेटली, हेडर डीसी मोडवर होतं, पंखा हळू करायला बोर्ड व्होल्टेजच उतरवतो. चार पिनी हेडर, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पीडब्ल्यूएम केलं, म्हणजे वेग चौथ्या पिनेच्या सिग्नलवर आणि व्होल्टेजला हात नाही, झाले १२ कायम. तिथे थांबायचं ना! नाही, हाव सुटली. ५०५० साइजच्या एलईडींची एक मीटर पट्टी, ६० एलईडी, १४.४ वॅट म्हणजे १.२ अँपिअर, आणि हेडर १ अँपिअरचं. वर स्प्लिटर लावून पंखाही त्यावरच. हिशेब केला होता रे, "एवढ्याने काय होतंय" म्हणून मीच उडवून लावला. वीसेक मिनिटांत पट्टी विझली, पंखा थांबला. धूर नाही, वास नाही. पिनवर मीटर लावला तर ०.०३ व्होल्ट.

बाकीची हेडरं चालतायत, पण नक्की काय गेलं, ट्रेस (बोर्डावरची तांब्याची रेघ) की आणखी काही? आणि सीपीयू फॅन त्याच लाइनवर असला तर? रात्री दोनदा उठून तापमान बघून आलो.

पट्टी आता मोलेक्सवर (पॉवर सप्लायचा तो चार पिनी कनेक्टर), मध्ये २ अँपिअरचा फ्यूज, तू पहिल्या दिवशी सांगितलेलंस तसंच, खूश? तिथेही गोची, मोलेक्सची पिवळी वायर १२ व्होल्टची आणि माझ्या तीन पिनी पंख्याची पिवळी आरपीएमची, म्हणजे वेग कळवणारी, त्याची १२ ची लाल. चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय, माझा मला भरवसा नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? काकूंचा गुडघा? रविवारी फोन करतो.

आणि तुझा मल्टिमीटर अजून माझ्याकडेच आहे, ते ०.०३ त्याच्यावरचंच. त्याची बॅटरी शेवटची कधी बदलली होतीस रे?

तुझाच,
बाळ्या