मुलीला यूटाला जाऊ द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र वाचलं. मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झालेली, आखातात नोकरी केलेली, एनक्लेक्स ही अमेरिकेतल्या नर्सच्या परवान्याची परीक्षा उत्तीर्ण, आणि आता अमेरिकेतल्या यूटा राज्यातून बोलावणं आलेलं. पण पाहुण्यांनी त्यांच्या मनात भरवलं की तिथं मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे लोक राहतात, ते चार-चार बायका करतात आणि आलेल्या माणसाला बाटवल्याशिवाय सोडत नाहीत. दोनच दिवसांनी दुसऱ्या एका वाचकानं ‘पोरीला पाठवू नका, पैसा काय इथंही मिळेल’ असा सल्ला दिला. तो सल्ला वाचून मला स्वस्थ बसवेना. मी यूटातल्या प्रोव्हो गावात नर्स आहे. हृदयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आमच्या विभागात येतात. त्यांतले बहुतेक मॉर्मन असतात, आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या बहुतेक जणीही.

मी मूळची मिरजेकडची. घर वारकऱ्यांचं, आबा माळकरी. नर्सिंग शिकले ते मिरजेच्याच मिशन हॉस्पिटलात, डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या. तेव्हाही गावात आबांना लोक विचारायचे, ‘पोरगी ख्रिस्ताची तर होणार नाही ना?’ लग्नानंतर न्यू जर्सीत गेले, तिथल्या परीक्षा दिल्या, आणि पुढं प्रोव्होला चांगली जागा मिळाली म्हणून आम्ही बिऱ्हाड हलवलं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये दाराशी देऊळ, पलीकडं वाण्याचं दुकान, गणपतीला मराठी मंडळ. प्रोव्होत यातलं काही नव्हतं. समोर बर्फाचे डोंगर, एका डोंगरावर तिथल्या विद्यापीठाचं पांढरं भलंमोठं अक्षर, आणि शेजारी सगळे एकाच चर्चला जाणारे.

आधी बायकांचं. मॉर्मन लोकांत बहुपत्नीत्व होतं, हे खरं आहे. पण त्यांच्या चर्चनं १८९० मध्ये ते बंद केल्याचं जाहीर केलं. आज कुणी दुसरी बायको केली तर त्याला चर्चमधून काढून टाकतात. जे थोडे गट अजून तसं वागतात, ते या चर्चपासून केव्हाच तुटलेले आहेत. माझ्या ओळखीची मॉर्मन कुटुंबं एका नवऱ्याची, एका बायकोची आणि पुष्कळ मुलांची आहेत. पाच-सहा भावंडं दिसली तर तिथं कुणाला नवल वाटत नाही.

आता बाटवण्याबद्दल. धर्मप्रचार हा त्यांच्या धर्माचा भागच आहे, तो ते लपवत नाहीत. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावलेली पोरं दोघा-दोघांनी दारावर येतात. ही अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, दोन वर्षं घरापासून लांब, बिनपगारी. मुलीही येतात, त्यांची मुदत दीड वर्षाची. आमच्याकडंही आली. मी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, आम्ही विठ्ठलाची माणसं आहोत, धर्म बदलायचा नाही. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, काही काम आहे का? मग दोघांनी आमच्या दारापुढचा बर्फ फावड्यानं ओढून दिला आणि गेले. धर्मात घेण्याआधी ते माणसाला शिकवणीला बसवतात, मुलाखत घेतात, मगच बाप्तिस्मा देतात. फसवून, धाक घालून हे होत नाही. आपण मात्र एक काळजी घ्यावी. आपल्याकडं कुणाला दुखवायचं नाही म्हणून ‘बघू पुढं’ म्हणायची सवय असते. तिथं ‘बघू’ म्हटलं की त्यांना खरोखरच वाटतं ही बाई विचार करतेय, आणि ते प्रेमानं पुन्हापुन्हा येतात. हसून, स्वच्छ ‘नको’ म्हणावं. तो नकार ते पाळतात.

ज्या वाचकानं ‘पाठवू नका’ लिहिलं, त्यांना मी आनंदीबाई जोशींची आठवण करून देते. आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या तेव्हा हीच ओरड झाली होती की बाई बाटणार. त्यांनी बंगालमधल्या सेरामपूरला भर सभेत सांगितलं की हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. त्याच कॉलेजातून त्यांच्या आठ वर्षं आधी, १८७८ मध्ये, एलिस शिप नावाची यूटाची मॉर्मन बाई डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. पदरात लहान मुलं होती, ती सवतींवर सोपवून शिकायला गेली होती. तिनं सॉल्ट लेक सिटीला परत येऊन सुइणींना आणि नर्सना शिकवायची शाळा काढली आणि शेकडो बायका तयार केल्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार भरून आलं होतं. आपल्या कल्याणची मुलगी आणि त्यांच्या वाळवंटातली बाई एकाच कॉलेजच्या वर्गखोल्यांत बसून गेल्या, आणि दोघींनी आपापला धर्म सोडला नाही.

रुग्णालयातल्या कामाबद्दल मात्र मला जास्त लिहायचं आहे. मुलीला खरी गरज या माहितीची आहे, आणि नोकरी देणारी एजन्सी ती सांगत नाही.

शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णाचे नातेवाईक किंवा चर्चमधले दोन पुरुष येतात. एकाच्या किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेली बोटाच्या पेराएवढी डबी असते, तिच्यात मंत्रून ठेवलेलं ऑलिव्ह तेल असतं. तेलाचा एक थेंब टाळूवर लावतात, मग दोघं डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. सगळं दोन-चार मिनिटांत आटोपतं. अशा वेळी औषधाची ट्रॉली घेऊन मध्ये घुसायचं नाही. मी पडद्याबाहेर थांबते. रुग्णाच्या छातीतली धडधड त्या चार मिनिटांत कमी झालेली मॉनिटरवर पुष्कळदा पाहिली आहे.

दुसरं म्हणजे त्यांची पांढरी आतली वस्त्रं. त्यांच्या मंदिरात ज्यांनी दीक्षा घेतलेली असते ते स्त्री-पुरुष ती रात्रंदिवस अंगावर ठेवतात. शस्त्रक्रियेसाठी काढायला ते हरकत घेत नाहीत, पण ती जमिनीवर पडू द्यायची नाहीत, मळक्या कपड्यांच्या पिशवीत कोंबायची नाहीत, त्यांची थट्टा तर मुळीच करायची नाही. आमच्या आबांची अँजिओग्राफी झाली तेव्हा वॉर्डातल्या मुलीनं त्यांची तुळशीची माळ काढून टेबलावर भिरकावली होती. आबा काही बोलले नाहीत, पण दिवसभर जेवले नाहीत. त्यामुळं मला कुणी शिकवावं लागलं नाही. मी वस्त्रं घडी घालून स्वच्छ पिशवीत ठेवते आणि घरच्यांच्या हातात देते. एका म्हाताऱ्या आजीनं त्यावर माझे दोन्ही हात धरून ठेवले होते, बराच वेळ.

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असतो. दोन वेळचं जेवण सोडायचं, पाणीसुद्धा नाही, आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी चर्चला द्यायचे. आजारी माणसानं उपास करावा अशी त्यांच्या धर्माची अपेक्षा नाही, तरी जुनी माणसं करतातच. म्हणून त्या दिवशी मधुमेह्याला इन्शुलिन देण्याआधी मी मुद्दाम विचारते, सकाळी काही खाल्लं का? एकादशीला असंच विचारावं लागतं, हे मिरजेत शिकलेल्या नर्सला सांगायला नको.

चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू त्यांना वर्ज्य. १८३३ पासूनची शिकवण आहे. रुग्णाला गरम काही द्यायचं तर कोको, नाहीतर भाजलेल्या गव्हाचं पोस्टम नावाचं पेय विचारावं. रक्ताबद्दल अनेक नवख्या नर्सचा गोंधळ होतो. रक्त नाकारतात ते यहोवाचे साक्षीदार नावाच्या दुसऱ्याच पंथाचे लोक, हे नाहीत. मॉर्मन रक्त घेतातही आणि हौसेनं देतातही. वैद्यकाशी त्यांचं वैर नाहीच. २०१८ ते २०२५ या काळात त्यांच्या चर्चचे प्रमुख असलेले रसेल नेल्सन हे स्वतः हृदयाचे सर्जन होते. यूटातली पहिली ओपन हार्ट शस्त्रक्रिया त्यांनीच १९५५ मध्ये केली. त्यांच्याच सांगण्यावरून चर्च आता स्वतःला ‘मॉर्मन’ म्हणवून घेत नाही. मी इथं आपल्या वाचकांना ठाऊक असलेलं नाव वापरलं, पण रुग्णासमोर ते टाळते.

मग अडचण काहीच नाही का? आहे, आणि ती या दोन्ही पत्रांत कुठंच नव्हती. अडचण एकटेपणाची आहे.

राहायला गेलो त्या आठवड्यात गल्लीतल्या बायका घरी भाजलेला पाव आणि बटाट्याचा मोठा तवा घेऊन आल्या. वर कुरकुरीत कॉर्नफ्लेक्स, आत चीज. शाकाहारी दिसतो, पण त्यात पुष्कळदा कोंबडीच्या सुपाचा डबा ओतलेला असतो. त्यांच्या आवडत्या हिरव्या जेलीतलं जिलेटिनही शाकाहारी नाही. मी विचारलं तेव्हा त्या ओशाळल्या, आणि पुढच्या खेपेला नुसत्या भाज्या घेऊन आल्या. ही माया खरी होती. पण त्यांचं सगळं जगणं चर्चच्या वॉर्डाभोवती, म्हणजे आपापल्या वस्तीतल्या चर्चच्या मंडळीभोवती फिरतं. कुणी आजारी, कुणी बाळंत, कुणाचं घर हलवायचं, वॉर्डातली माणसं धावून येतात. बुधवारी पोरांचे कार्यक्रम, रविवारी सगळं चर्च. आपण त्यात नसलो की भेटीची निमित्तंच उरत नाहीत. आमचा नकार पक्का आहे हे कळल्यावर काहींचं येणं हळूहळू कमी झालं. राग नव्हता, त्यांचे दिवस भरलेले होते. दोघीजणी मात्र आजही येतात. एकीनं माझ्याकडून पुरणपोळी शिकून घेतली आहे.

मला जास्त लागलं ते लेकीचं. हायस्कूलला लागूनच चर्चची इमारत असते आणि शाळेच्या वेळेतच एक तास वर्गातली मुलं तिथं धर्मशिक्षणाला जातात. मागं उरतात थोडी. तिच्या मैत्रिणी चांगल्या होत्या, पण मैत्रिणींच्या आयांना मुलींनी आपल्यातच वावरावं असं वाटायचं. पार्टीला सगळा वर्ग गेला आणि हिला बोलावलं नाही, असंही झालं. ती उशीत तोंड खुपसून रडली तेव्हा मला त्या बायांचा फार राग आला होता. तो राग मी इथं लिहिते, कारण लहान मुलं घेऊन तिकडं जाणाऱ्या मराठी आईबापांना हे आधी ठाऊक असायला हवं. जवळच्या मैत्रिणींच्या लग्नाचंही तसंच. विवाह त्यांच्या मंदिरात होतो आणि तिथं बाहेरच्यांना प्रवेश नाही, मग ते सख्खे आईबाप का असेनात. आपल्याला बोलावतात ते नंतरच्या स्वागताला.

म्हणून मुलीनं तिथं आल्याबरोबर आपली माणसं शोधावीत. साउथ जॉर्डनला गणपतीचं देऊळ आहे. प्रोव्होच्या दक्षिणेला स्पॅनिश फोर्कमध्ये राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे, आणि ते बांधायला मॉर्मन लोकांनीही हात लावला होता. तिथल्या होळीला हजारो माणसं जमतात, त्यात बरीचशी मॉर्मन कॉलेजची पोरं असतात, एकही प्यायलेला नाही. सॉल्ट लेकला जाणारी लोकल रविवारी बंद असते, तेव्हा गाडी चालवायला भारतातूनच शिकून जावं. ड्यूटीची अदलाबदल तर फारच सोपी. मी नाताळला बारा तास उभी राहते, दिवाळीला आणि आषाढीला माझी जागा दुसरी कुणीतरी भरून काढते.

भारतात जन्मलेल्या नर्सला अमेरिकेच्या कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी दहा-दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त थांबावं लागतं. त्या मुलीची पाळी आली असेल तर नातेवाइकांच्या ऐकीव गोष्टींवर ती घालवू नये. वडिलांनी धर्माची चौकशी सोडून कराराची करावी. नोकरी मध्येच सोडली तर दंड किती? पहिल्या महिन्यांत राहायची सोय कोण करणार? कुठल्या विभागात नेमणूक, एका नर्सकडं किती रुग्ण? ही उत्तरं लेखी घ्यावीत, आणि एजन्सी ती द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथंच थांबावं.

माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयाकडं पाठवत आहे. तो छापू नये, पण त्या वडिलांना जरूर द्यावा. त्यांची मुलगी प्रोव्होच्या आसपास येणार असेल तर घर मिळेपर्यंत ती आमच्याकडं राहील.

आपली,
एक परिचारिका
प्रोव्हो, यूटा (मूळ मिरज)