कोरं कापड आधी पाण्यातून काढा, मग गोधडी शिवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी गोधडी, चादर, उशांचे अभ्रे कसे शिवायचे यावर लेख आला होता. फोटो छान होते, रंगांच्या जोड्या पण मस्त, पण मी तो लेख दोनदा वाचला आणि त्यात पाणी हा शब्दच कुठे सापडला नाही. नवीन कापड आणा, मापात कापा आणि शिवायला बसा, बास. म्हणून हे पत्र, कारण अगदी असंच करून मी दोन महिन्यांची मेहनत वाया घालवलीय आणि आता लेख वाचून अजून चार जणी घालवतील.

झालं असं की लेकीचं बाळंतपण माझ्याकडे होतं, तेव्हा हौसेने गोधडी शिवायला घेतली. पाच फूट बाय साडेसात फूट, म्हणजे ६० बाय ९० इंच. वरती लालभडक केंब्रिक (बारीक घट्ट विणीचं सुती कापड) नवं कोरं, आत माझ्या दोन जुन्या सुती साड्या आणि खाली पांढरा मांजरपाट, म्हणजे साधं जाडसर सुती कापड, तो पण दुकानातून तस्साच आणलेला. दुपारी सगळे झोपले की धावदोरा घालत बसायचे. झाली, सगळ्यांनी कौतुक केलं, बाळाने पहिल्याच आठवड्यात व्हायचं ते केलं आणि गोधडी धुवायला गेली. वाळल्यावर बघते तर चारी कोपरे वर आलेले, मधे खड्डा, अगदी पत्रावळीच्या द्रोणासारखी! टेप लावली तर खालचा मांजरपाट ९० चा साडेचौऱ्याऐंशी झालेला, वरचं केंब्रिक थोडंसंच आटलेलं आणि आतल्या साड्या होत्या तेवढ्याच, त्या बिचाऱ्या फुगून सुरकुतल्या होत्या. आणि मांजरपाटावर लाल रंगाचे नकाशे.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावायची नसते." आधी का नाही सांगितलंत म्हणावं तर विचारलं कोणी होतं.

नंतर डोक्यात आलं की आपल्या आजी-पणजीच्या वाकळा कधी अशा वाकड्या झाल्या नाहीत, कारण त्यांच्याकडे कोरं कापड असायचंच कुठे. विरलेलं लुगडं, जुनं धोतर, दहा वर्षं दगडावर आपटून धुतलेलं, त्याला जेवढं आटायचं होतं ते कधीच आटून झालेलं, जो रंग जायचा तो कधीच गेलेला. आता आपण फॅशन म्हणून गोधडी शिवतो आणि मीटरवर नवीन कापड आणतो, पण पद्धत तीच जुनी वापरतो, तिथेच सगळं फसतं. नव्या कापडाला आधी थोडं जुनं करून घ्यायला लागतं.

कापड आटतं का, तर मागावर उभा धागा ताणलेला असतो, नंतर ब्लिचिंग, छपाई, इस्त्री सगळीकडे ते ओढूनच चालवतात. घरी पहिल्यांदा पाण्यात पडलं की सूत फुगतं आणि तो ताण सुटतो. म्हणून पन्ह्यापेक्षा (कापडाच्या रुंदीपेक्षा) लांबीत जास्त आटतं. चांगलं घट्ट विणीचं सुती कापड ३ ते ५ टक्के जातं, सैल विणीचं, हातमागाचं, फलालीन वगैरे त्याहून जास्त. आता ५ टक्के ऐकायला काहीच वाटत नाही पण १०८ इंचाच्या चादरीत ते साडेपाच इंच होतात, म्हणजे गादीखाली खोचायला ठेवलेली एका बाजूची पट्टी गायब!

आमच्या लहानपणी मिलच्या कापडाच्या काठावर छाप असायचा, सॅन्फोराइज्ड. शाळेच्या युनिफॉर्मचं कापड घेताना वडील तो छाप बघूनच घ्यायचे. सॅनफर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकन माणसाची ही १९३० च्या सुमाराची युक्ती, कापड कारखान्यातच ओलसर करून मशीनमध्ये दाबून आखडून घ्यायचं, म्हणजे घरी फार तर एखादा टक्का आटतं. मुंबईच्या गिरण्यांचं १९८२ च्या संपानंतर काय झालं ते सगळ्यांना माहितीय. आता आपल्या भागात इचलकरंजीच्या यंत्रमागावरचं कापड येतं, कापड चांगलंच असतं त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण दुकानात मीटरवर फाडून देतात त्या ठाणाच्या काठावर बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं. किती आटेल विचारलं तर उत्तर एकच, "ताई काही होत नाही, गॅरंटी आहे." गॅरंटी कशाची ते विचारायचं नाही.

माझं म्हणणं आहे की दुकानदाराने निदान तीन गोष्टी सांगाव्यात, कापड प्युअर सुती आहे का मिक्स, आटवून आलंय का नाही, आणि रंग जातो का. पाव किलो फरसाणाच्या पाकिटावर सगळं छापतात, मग हजार रुपयांच्या कापडावर का नको?

तोवर आपणच बघून घ्यायचं. मी आता दुकानात काय करते ते सांगते. कापड मुठीत घट्ट चुरगाळून सोडते, सुती असेल तर सुरकुत्या राहतात, लगेच उलगडलं तर पॉलिएस्टर आहे. मग दोन बोटांत चोळते, पांढरी भुकटी निघाली तर समजायचं खळ भरपूर आहे आणि धुतल्यावर हेच कापड मच्छरदाणी होणार. उजेडात धरून वीण बघायची. घरी आणल्यावर काठाचे दोन धागे ओढून चिमट्यात धरून जाळायचे, (मोरीत, जपून) सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. ऑनलाइन जे ग्लेस कॉटन म्हणून चकचकीत येतं ना त्यात बऱ्याचदा हा मणीच सापडतो, आमच्या मिरजेच्या मे महिन्यात त्याच्यावर झोपून बघा म्हणजे कळेल. आणि ते १००० थ्रेड काउंट वगैरे मनावर घेऊ नका, एका चौरस इंचात उभे आडवे एवढे धागे बसतच नाहीत, पीळ घातलेल्या एका धाग्याचे पदर सुटे मोजून आकडा फुगवतात. साधं २०० च्या आसपासचं घट्ट पॉपलीन किंवा केंब्रिक चादरीला उत्तम.

पन्हा आधी विचारा. ३६ आणि ४४ इंचाच्या पन्ह्यात डबल बेडची चादर करायची तर मधे जोड येतो आणि तो जोड बरोब्बर पाठीखाली येतो, त्यापेक्षा ९० किंवा १०८ इंचाचा मोठा पन्हा शोधा. गोधडीला मात्र लहान पन्हा चालतो.

किती आणायचं याचा हिशोब असा की ९० इंच तयार लांबी पाहिजे, दुमडायला ४ इंच, झाले ९४. पाच टक्के आटणार धरलं तर ९९ इंच आणायला लागतं, म्हणजे अडीच मीटर पण कमी पडतं, २ मीटर ६० सेंटिमीटर घ्या. खात्री करायची असेल तर आधी फक्त पाव मीटर आणा, त्यावर पक्क्या पेनने २० सेंटिमीटरचा चौकोन काढा, धुवा, वाळवा, परत मोजा. १९ भरलं तर ५ टक्के.

आता धुण्याचं. दोन्ही कापलेल्या कडांना आधी मोठी टीप मारून घ्या, नाहीतर मशीनमधून कापड नाही, दोऱ्यांचा गुंता बाहेर येतो. मग पुढे जसं धुणार असाल तसंच आत्ता धुवा, म्हणजे पुढे मशीनला गरम पाण्यात टाकणार असाल तर आत्ता नुसतं गार पाण्यात बुचकळून काही उपयोग नाही. मांजरपाटाला रात्रभर भिजवून सकाळी कडकडीत पाण्यात धुण्याचा सोडा घालून उकळवते, पाणी चहासारखं निघतं! फलालीन आणि मांजरपाट दोनदा धुते, पहिल्या धुण्यात सगळं आटत नाही. सॉफ्टनर घालू नका, त्याने सुती कापड पाणी शोषत नाही आणि बाळाच्या दुपट्याचं तर कामच ते. सुरकुती पडत नाही असं सांगून विकतात त्या कापडाच्या फिनिशमध्ये बऱ्याचदा फॉर्मल्डिहाइड असतं, बाळासाठी ते घेऊच नका आणि घेतलंच तर धुतल्याशिवाय अंगाला लावू नका.

रंगाबद्दल सगळे सांगतात मिठाच्या पाण्यात भिजव, व्हिनेगर टाक. मी दोन्ही करून बसलेय, लाल पाणी यायचं ते आलंच. मीठ रंगाऱ्याच्या कामाचं, रंगवताना रंग सुतात शिरायला ते मदत करतं, रंगवून झालेल्या कापडाचा सुटा रंग घरी मिठाने पक्का होत नाही. व्हिनेगरचा उपयोग लोकर-रेशमाच्या रंगाला, सुताला नाही. तुरटी जुन्या वनस्पतीच्या रंगांना लागायची, मंजिष्ठा वगैरे, तेही रंगवायच्या आधी. आपल्या हातात एकच आहे, गरम पाणी आणि साबण घेऊन सुटा रंग निघेपर्यंत धुवत राहायचं. मग ओल्या कापडावर पांढरा रुमाल ठेवून इस्त्री फिरवा, रुमाल पांढरा राहिला तर शिवायला घ्या. तीन-चार धुण्यांनंतरही डाग पडत असेल तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावायचंच नाही, गडद गोधडीत जाऊ दे.

वाळवताना पिळू नका, थोडं दमट असतानाच कोपरे तिरके ओढून उभा-आडवा धागा सरळ करा आणि इस्त्री मारा. एवढं झाल्यावर कात्री.

लेख लिहिणाऱ्या ताईंवर राग नाही, पुढच्या वेळी एक चौकट यावर टाका एवढीच विनंती. माझी द्रोणासारखी गोधडी सध्या मांजराच्या टोपलीत आहे. दुसरीचं अस्तर काल रात्रीपासून बादलीत आहे, सकाळी बघितलं तर पाणी अजून पिवळट निघतंय, म्हणजे उद्या परत एकदा.

आपली,
एक नेहमीची वाचक, मिरज