जळालेल्या भिंती लगेच पाडू नका

संपादक साहेब, नमस्कार,

छोट्या गावाची जुनी बाजारपेठ आगीत गेली की राख थंड व्हायच्या आत बुलडोझर दारात उभा, आणि जो तो म्हणतो पाडा, धोकादायक आहे. काही भिंती असतीलही, पण आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा ना! जाड तुळई बाहेरून कोळसा दिसते पण तो कोळशाचा थरच आतल्या लाकडाला वाचवतो, खरवडून बघा, बऱ्याचदा आत चांगलं लाकूड निघतं. चुन्यातल्या जुन्या भिंती बंबाच्या पाण्याने चिंब असतात, त्यावर घाईत सिमेंट मारलं की ओल आतच कोंडते.

हवाईतलं लहायना बघा, ऑगस्ट २०२३ मध्ये जुनं गाव जळालं, १८५९ च्या कोर्टाचं छप्पर गेलं पण बाहेरच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि शेजारच्या, १८७३ मध्ये लावलेल्या, होरपळलेल्या वडाला महिना-दीड महिन्यातच पालवी फुटली (वडच तो शेवटी).

नव्याने बांधताना मात्र मधल्या भिंती थेट छपरापर्यंत न्या, जुन्या पेठेत आग माळ्यामाळ्यातूनच पळते. आणि दुकानदारांना तोवर तात्पुरते गाळे जवळच द्या, लांब दिले की तुटलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

एक वाचक