सिक्लिड माशांच्या 'भांडखोर'पणाविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती मत्स्यपालनाविषयी आपल्या पुरवणीत नुकत्याच आलेल्या लेखात सिक्लिड कुळातले (टाकीत हौसेने पाळले जाणारे गोड्या पाण्यातले) मासे 'जात्याच भांडखोर' असल्याचे सांगून, टाकीतला सर्वांत दांडगा नर काढून टाकावा, असा उपाय सुचवला आहे. हा उपाय मी स्वतः करून पाहिला आणि तो फसला, म्हणून हे पत्र. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिडांच्या टाकीतून मी म्होरक्या नर सकाळी वेगळा केला. आदल्या दिवसापर्यंत फिक्या रंगात कोपरा धरून असलेला दुसरा नर संध्याकाळी गडद होऊन म्होरक्याच्याच कपारीसमोर उभा होता आणि पाठलाग पूर्वीसारखाच चालू होता.

आफ्रिकेतल्याच टांगानिका सरोवरातल्या बर्टनी या सिक्लिड जातीवर जीवशास्त्रज्ञ रसेल फर्नाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन मला तेव्हा ठाऊक असते, तर ही खटपट वाचली असती. वरचढ नर नाहीसा होताच खालच्या नराचे भडक रंग आणि डोळ्याजवळचा काळा पट्टा काही मिनिटांत उमटतो व पुढच्या काही दिवसांत त्याची प्रजननक्षमता जागी होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच गटाच्या प्रयोगात तर एका नराला इतर नरांच्या जोडीजोडीने होणाऱ्या लढती फक्त बाहेरून पाहू दिल्या; ज्या दोघांची आपसात झुंज त्याने कधीच पाहिली नव्हती, त्यांच्यातलाही दुबळा कोण हे ओळखून तो त्याच्याच जवळ घुटमळला. ज्यांच्याकडे एवढा हिशेब असतो, त्यांच्या भांडणाला निव्वळ स्वभावदोष म्हणणे मला पटत नाही. नर हद्द राखतो ती अंडी घालण्याच्या जागेसाठी. सरोवरात हरलेला नर हद्दीबाहेर निघून जातो आणि प्रकरण तिथेच मिटते. टाकीत हद्द संपते तिथे काच असते, त्यामुळे हरलेल्याला पळून जायला जागाच उरत नाही आणि जिंकलेल्याच्या दृष्टीने तो सतत घुसखोर ठरतो. नवा मासा सोडण्यापूर्वी दगडांची सगळी मांडणी बदलल्यास जुन्या हद्दी मोडतात व सर्वांना नव्याने सुरुवात करावी लागते. आडोसे भरपूर ठेवावेत, आणि मलावीतल्या तोंडात अंडी सांभाळणाऱ्या जातींमध्ये एका नरामागे अनेक माद्या ठेवाव्यात, म्हणजे एकाच मादीचा छळ होत नाही.

याच जातींच्या माद्यांबाबत माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगतो. एका मादीने खाणे सोडले, तिचा गळा फुगलेला दिसला, म्हणून मी पाण्यात औषध घातले. प्रत्यक्षात तिच्या तोंडात अंडी होती. अंडी घालताच मादी ती तोंडात घेते, नराच्या मागच्या खालच्या परावरचे अंड्यांसारखे ठिपके टिपायला जाते आणि त्या ओघात नराचे शुक्राणू तिच्या तोंडात जाऊन अंडी तिथेच फळतात. पुढचे साधारण तीन आठवडे ती जवळजवळ उपाशी असते. अशा वेळी तिला घाईने जाळीत पकडले, तर घाबरून ती पिल्ले थुंकते किंवा गिळते.

एंजलफिशसारख्या जोडी बांधणाऱ्या सिक्लिडांची गोष्ट वेगळी आहे. तिथे नर-मादी दोघेही पहारा देतात, परांनी अंड्यांना वारा घालतात आणि बुरशी आलेली अंडी वेचून काढतात. डिस्कस या सिक्लिडाची पिल्ले तर आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. तरुण जोडी पहिली एक-दोन वेळा स्वतःचीच अंडी खाऊन टाकते, एवढ्यावरून लेखात तिला 'निरुपयोगी' ठरवले आहे, हे मात्र अन्यायाचे वाटले. पुढच्या खेपांना अशा अनेक जोड्या पिल्ले नीट सांभाळतात.

लेखासोबतच्या तक्त्यात माशांची संख्या केवळ लिटरवरून ठरवली आहे. टांगानिकातल्या मल्टिफॅसिएटस या चिमुकल्या जातीचा अख्खा कबिला गोगलगायींच्या रिकाम्या शंखांभोवती लहानशा टाकीत सुखाने नांदतो, तर पिल्ले असलेली कॉन्व्हिक्ट सिक्लिडची एकच जोडी बरीच मोठी टाकी व्यापून इतरांना कोपऱ्यात दाबते. तक्ता पुन्हा छापला जाईल तेव्हा त्यात तळाची लांबी-रुंदी आणि प्रजननाची पद्धत, असे दोन रकाने वाढवावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक