निर्यात अनुदान: आधी खर्च, मग परतावा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतले फाउंड्रीवाले (धातूचे ओतकाम करणारे) असोत वा गूळ-चप्पलवाले, निर्यात अनुदान म्हणजे आगाऊ पैसे, असा अनेकांचा समज दिसतो. तसे नाही. पहिल्यांदा निर्यात करणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांना केंद्राच्या योजनेत निर्यात परिषदेच्या नोंदणी शुल्काचा, विमा हप्त्याचा, चाचणी-प्रमाणपत्राच्या खर्चाचा ठरावीक मर्यादेत परतावा मिळतो. म्हणजे खिशातून आधी घालायचे आणि पावत्या जपायच्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग असल्याची सरकारी नोंदणी, हवीच.

परिषद निवडतानाही गफलत होते: कास्टिंगला (ओतीव धातूच्या मालाला) ईईपीसी ही अभियांत्रिकी निर्यात परिषद, चामड्याच्या चपलेला चर्म निर्यात परिषद, गुळाला अपेडा हे कृषी निर्यात प्राधिकरण.

मात्र पैसे बहुधा अडतात ते क्षुल्लक गोष्टींवर. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा संकेतांक, दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करावा लागतो, तपशील बदललेला नसला तरी. विसरलात तर तो निष्क्रिय होतो. जीएसटी न भरता माल पाठवायचा तर एलयूटी (हमीपत्र) प्रत्येक आर्थिक वर्षासाठी नव्याने द्यावे लागते. आणि शिपिंग बिलात, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडे द्यायच्या निर्यात दस्तऐवजात, रोडटेपचा (निर्यात मालावरील करांच्या परताव्याच्या योजनेचा) दावा ‘हो’ असा नोंदवला नाही, तर तो परतावा हातचा जातो. एजंटाने बिल भरले म्हणून निर्धास्त राहू नका. दाखल होण्याआधी त्याची चेकलिस्ट (बिलाचा कच्चा मसुदा) मागवून तो रकाना स्वतः वाचा. जिल्हा उद्योग केंद्राने हीच माहिती मराठीत एका पानावर छापून दारात लावली तरी पुष्कळ होईल.

— एक निर्यात सल्लागार, कोल्हापूर