वागळे इस्टेटमधल्या मिस्त्री काकांना

सप्रेम नमस्कार काका,

नाव कुठे लिहू नकोस असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं काका म्हणतो. चेन्नईहून कालच परतलो. अंगातला शीण उतरलेला नाही, पण हे पत्र उद्यावर टाकवत नाही.

आमची एस्टीम गाडी शर्यत पूर्ण करून आली. भाऊ हसत खाली उतरला. आईला फोन लावला तेव्हा मला बोलताच येईना, शेवटी त्यानंच फोन हातातून घेतला.

ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, ही तक्रार घेऊन आम्ही आधी एका नावाजलेल्या गॅरेजमध्ये गेलो होतो. बसायला एसी, भिंतीवर शर्यतींचे फोटो. त्यांनी बॅलन्सिंग केलं, मग डिस्क बदलली, मग दुसऱ्या कंपनीची डिस्क घातली आणि दर वेळी इम्पॅक्ट गननं नट करकचून आवळून गाडी परत दिली. थरथर तशीच. शेवटी म्हणाले, ‘रेसची गाडी आहे, एवढं चालायचंच.’ हे वाक्य आठवलं की अजूनही डोकं तापतं. त्या गाडीत माणूस बसतो! वळणाच्या तोंडाशी पूर्ण वेगात ब्रेक दाबताना त्याचा जीव चार नटांच्या भरवशावर असतो.

तुम्ही गाडीकडे बघण्याआधी विचारलंत, ‘चालवतं कोण?’ मी म्हटलं, धाकटा भाऊ. तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत.

पुढचं डावं हब, म्हणजे चाक ज्यावर स्टडनी बसतं तो भाग, उतरवून, ग्रीस पुसून तुम्ही त्यावर तड्यात शिरणारी लाल डाय मारलात. थोडं थांबून ती पुसलीत, वर आत शिरलेला रंग ओढून दाखवणारा पांढरा डेव्हलपर फवारलात, आणि स्टडच्या भोकापासून निघालेली बारीक लाल रेघ आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर उमटली. तडा होता. रस्त्यासाठी घडवलेल्या हबवर रेसचे गुळगुळीत, जास्त पकड घेणारे स्लिक टायर चढवले की उजव्या वळणात डाव्या बाजूवर केवढा भार येतो, हे तुम्ही तिथेच समजावलंत. पुढे हब, बेअरिंग, स्टड सगळं नवं पडलं, ते आता लिहीत बसत नाही.

मला लिहायचंय ते टॉर्क पान्याबद्दल, नट ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळला की ‘कट्’ आवाज करणाऱ्या पान्याबद्दल. गाडी टेम्पोत चढवत होतो, तेव्हा तुम्ही आत जाऊन तो घेऊन आलात. मऊ सुती कपड्यात गुंडाळलेला. तुमच्या पोरांनासुद्धा तुम्ही त्याला हात लावू देत नाही, हे मी पाहिलं होतं. म्हणालात, ‘ट्रॅकवर दर वेळी यानंच आवळ, गन लावू देऊ नकोस. आणि काम झालं की काटा खाली आणून ठेव, स्प्रिंग ताणलेली राहता कामा नये.’ अनामत नाही, चिठ्ठी नाही. कारागीर आपलं हत्यार असं परक्याच्या हाती देत नाही, काका. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टई ट्रॅकच्या पॅडॉकमध्ये, जिथे गाड्या तयार करतात तिथे, गाडी ट्रॅकवर उतरण्याआधी दर वेळी मी त्यानं नट आवळायचो आणि ‘कट्’ आवाज आला की भाऊ हेल्मेट चढवायचा.

1962 साली एमआयडीसी सुरू झाली ती या वागळे इस्टेटपासून. आता कितीतरी कारखाने गेले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. पण मागच्या गल्ल्यांत अजून लेथ फिरतायत, आणि त्यांच्यापाशी दुसऱ्याच्या पोराच्या जिवाची काळजी करणारी माणसं उभी आहेत. बिल छापलेलं नसेल, पण तुमच्यासारख्यांनी केलेल्या कामावर डोळे मिटून विसंबता येतं. ठाण्याचं मोठेपण मला तरी तुमच्यासारख्या माणसांत दिसतं.

शनिवारी पाना परत द्यायला येतोय, काटा खाली आणलेला आहे. भाऊही येणार आहे, त्याला तुमच्या पाया पडायचंय. गाडीही आणतो. डावं बेअरिंग एकदा हातानं फिरवून बघा. पुढच्या शर्यतीआधी तुमच्या तोंडून ‘ठीक आहे’ ऐकायचंय.

तुमचा,
कळव्याचा एस्टीमवाला